शेवाळाची पट्टी

१

बल्लारपुरात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर कुणाच्या मयतीचा निरोप घेऊन निघालेला. बाकी गाव दारांना खसच्या ताट्या लावून कूलरच्या तोंडाशी उताणं पडलेलं असतं. कुत्रीसुद्धा लाजलज्जा सोडून नालीत उतरून बसतात.

इनायत मिस्त्रीची दुपार या नेमाला धरूनच होती. सकाळभर तो आरा मशीनशेजारच्या शेडमध्ये दारं आणि पलंग घडवायचा, भोंगा झाला की घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि जेवणाआधी मागच्या अंगणात जायचा. तिथं टिनाच्या छपरीखाली तारेला एक पेटी टांगलेली होती. सागाच्या चिपांची, चारी बाजूंनी फटी ठेवलेली. तिच्यात सीतेच्या वेणीचं झाड होतं. कुंडी नाही, माती नाही, नुसत्या जाड मुळ्या आणि त्यांच्याभोवती सैलसर शेवाळ. इनायत शेवाळात बोट घालायचा. आतून कोरडं लागलं तर ते काढून पाण्यात बुडवायचा, दोन्ही मुठींत घट्ट पिळायचा आणि पुन्हा मुळ्यांभोवती पसरायचा. दमट लागलं तर तसंच सोडून जेवायला बसायचा.

झाड त्याच्या पोरीचं, आफ्रीनचं होतं. जंगलातून ऐनाचे ओंडके येतात तेव्हा सालीला चिकटून असली झाडंही गाडीबरोबर येतात. हमाल त्यांना बांडगूळ म्हणतात आणि कोयत्यानं खरवडून टाकतात. आफ्रीन तेव्हा सहावीत होती. बापाचा डबा घेऊन आली आणि रिकाम्या डब्यात हे झाड घालून घरी गेली. मग तिनं त्याचे असे लाड केले की त्या लाडांनीच ते मरायला टेकलं. शेवाळ मुळ्यांवर ठासून भरलं, वरून सकाळ-संध्याकाळ लोटा ओतला. अति तिथे माती. महिन्याभरात अर्ध्या मुळ्या काळ्या पडल्या आणि दाबल्या की पाणी सुटायला लागलं.

शेवाळ आणून द्यायचा मंगरू. तो आरा मशीनवर ओंडके चढवायचा, आणि त्याचं गाव मार्कंड्याच्या पलीकडं जंगलात होतं. गावी गेला की नाल्यातल्या दगडांवरचं शेवाळ पळसाच्या पानात बांधून आणायचा. त्यानं पोरीला समोर बसवून सांगितलं होतं, "त्याले पानी नाई लागत माय, ओल लागते. मुळी पांढरी दिसली त पानी दे. हिरवी हाये तवर हातच नको लावू. आन् शेवाळातून हवा खेळली पायजे. ठासलं का कुजलं."

पोरगी शिकली. बापाकडून फटींची पेटी करून घेतली आणि तिला पाळणा म्हणायला लागली. झाड तगलं, नवी मुळी फुटली. फूल मात्र तिनं पाहिलं नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला, तो डोक्यात चढला. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. घरी आणली ती चादरीत गुंडाळून.

सीतेच्या वेणीला फूल येतं मृगाच्या तोंडावर. या वर्षी ते यावं, एवढंच आता इनायतला हवं होतं. दुसरं काही मागावं असं घरात उरलंच नव्हतं.

२

एका दुपारी त्यानं शेवाळात बोट घातलं आणि बोट ओलं झालं.

काल त्यानं पाणी दिलं नव्हतं. सकाळीही नाही. दोरीवर टाकलेला टॉवेल पाठ फिरेपर्यंत कडक व्हावा असं ऊन होतं, आणि इथं पेटीच्या फटीतून थेंब गळत होते. सुलतानानं दिलं असेल, असं त्याला वाटलं आणि त्याला बरंही वाटलं.

सुलताना, त्याची बायको, पोरीचा चाळीसवा दिवस झाल्यापासून मागच्या अंगणात पाऊलही टाकत नव्हती. साड्यांना फॉल लावायची, ते काम तिनं सोडलं होतं. दिवसाकाठी चार शब्द बोलायची, त्यातले दोन स्वयंपाकाचे. ती उठून पोरीच्या झाडापाशी जात असेल तर जाऊ द्यावं. विचारलं तर पुन्हा मिटून जाईल. म्हणून त्यानं जास्तीचं पाणी मुकाट्यानं पिळून काढलं आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मुळ्या आता पांढऱ्या पडेनातच. सदान्‌कदा हिरव्यागार, फुगलेल्या. अखेर ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्यानं जेवताना विषय काढला.

"झाडाले आजकाल पानी भल्लं होऊन राह्यलं काय?"

"उन्हाळा आहे नं," सुलताना म्हणाली आणि त्याच्या ताटात वरण वाढलं.

त्यानं ते हो असं धरलं. तिनं काय धरलं, ते त्याला पुढं कळलं.

३

मग शेवाळाची जागा बदलली.

ते मुळ्यांभोवती नव्हतं. फटीतून ओढून काढून वर खोडावर, जिथून पानं फुटतात नेमकं तिथं, आडवं घातलेलं होतं. लांबट, चपटं. दोन्ही कडा नीट दाबलेल्या. झाडाला मारायचंच असेल तर याहून सोपी युक्ती नाही, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की झाड वरून कुजत येतं.

इनायत मिस्त्री भुताखेतावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. फळी वाकली तर ती लाकडाची ओल, दार वाजलं तर ती बिजागरी, असं त्याचं सरळ शास्त्र होतं. त्यानं विचार केला, कूलर. कूलरचं तोंड घरात आणि पाठ अंगणाकडं. तिथून शिंतोडे उडत असतील. त्यानं पेटी छपरीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या सावलीत नेली आणि एका स्टुलावर ठेवली.

दुसऱ्या दुपारी शेवाळ ओलं होतं, आणि खोडावर आडवं होतं.

मग त्याला खार आठवली. खारी घरट्यासाठी शेवाळ पळवतात, हे त्यानं पाहिलं होतं. खारीवर त्याचा दिवसभर विश्वास बसला. संध्याकाळी मात्र शेवाळ उचलून पाहताना त्याला दिसलं की त्याला पीळ पडलेला आहे, धुतलेल्या कापडाला पडतो तसा. खार शेवाळ पळवते, पण पिळत नाही.

आणि अंगणातल्या मोरीच्या कट्ट्यावर जर्मनचं भगुणं होतं, जुनं पसरट पातेलं. पोरगी गेल्यापासून ते तिथंच पडलेलं, ना सुलतानानं हलवलं ना त्यानं. धूळ बसलेली त्याला रोज दिसायची आणि रोज तो नजर फिरवायचा. त्या संध्याकाळी भगुण्यात पाणी होतं. धूळ नव्हती.

४

रविवारी मंगरू नवं शेवाळ घेऊन आला. झाड पाहून तो स्टुलापाशी बसला. खोडाच्या वर, एका पानाच्या कुशीतून हिरवी दांडी डोकावत होती, तिच्यावर मोहरीएवढ्या कळ्या होत्या.

"अरे बाप्पा. दांडी काढली नं यानं, मिस्त्री! पोट्टी असती त नाचली असती." मग त्याचं लक्ष शेवाळाकडं गेलं. "हे असं काऊन ठेवलं? वरून कुजते नं थे."

"मी नाई ठेवत," इनायत म्हणाला. "बाई ठेवत असन घरची."

मंगरूनं शेवाळ काढायला हात घातला आणि तसाच मागं घेतला. हात धोतराला पुसला.

"गरम हाये हे."

"ऊन आहे नं एवढं."

"सावलीत हाये मिस्त्री. आन् ओलं हाये." मंगरू हळू बोलत होता. "ओली चीज उन्हातबी थंडी रायते. तुमचा माठ पाहा नं. हे आतून गरम हाये."

इनायतनं बोट टेकवलं. गरम होतं. उन्हानं तापलेल्या पत्र्याची ऊब वेगळी असते, ती कोरडी असते. ही ऊब दमट होती आणि ती ओळखीची होती. कुठं अनुभवली ते मात्र त्याला तेव्हा आठवेना, किंवा त्यानं आठवू दिलं नाही.

मंगरूनं नखानं शेवाळाची कड खरवडली. पांढरा थर निघाला. इनायत म्हणाला, बोअरचं पाणी, क्षार असतात. मंगरूनं मान हलवली. मग इनायतनंच बोट जिभेला लावलं.

मीठ होतं. निव्वळ खायचं मीठ.

"मिठानं मुळी जळते," मंगरू उठत म्हणाला. "घरात इचारा कोनाले."

"बस, पानी त घे."

"नाई. जातो मी."

आणि तो गेला. मे महिन्याच्या दुपारी, दारात आलेलं पाणी नाकारून. इनायत त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

५

ऊब कुठली, ते त्याला जेवताना आठवलं.

तापाच्या त्या दिवसांत सुलताना खाटेशी स्टुलावर बसून होती. जुनी ओढणी फाडून तिनं पट्ट्या केल्या होत्या. जर्मनच्या भगुण्यात पाणी, पाण्यात मूठभर मीठ. पट्टी बुडवायची, पिळायची, पोरीच्या कपाळावर आडवी घालायची, दोन्ही कडा कानशिलांवर दाबायच्या. जरा वेळानं उलट्या हातानं ताप बघायचा. मग ती पट्टी काढून इनायतच्या हातात द्यायची आणि दुसरी घालायची. काढलेली पट्टी अशीच असायची. ओली आणि गरम.

आफ्रीन डोळे मिटूनच विचारायची, "अम्मी, उतरला काय?"

सुलताना तापाच्या बाबतीत पोरीशी कधी खोटं बोलली नव्हती. लहानपणापासून त्यांचा तो करारच होता. खरोखर अंग निवलं की मगच ती म्हणायची, उतरला. मग पाणी सांडून भगुणं पालथं घालायची. तिच्या सासूची ती रीत होती, आणि भगुणं पालथं झाल्याचा टण्ण आवाज ऐकला की पोरगी निर्धास्त कुशीवर वळून झोपायची. या खेपेला ती विचारत राहिली. सुलताना म्हणत राहिली, "उतरन बेटा, उतरन." भगुणं पालथं झालंच नाही.

इनायतनं ताट बाजूला सारलं.

"सुलताना. झाडाले मीठ काऊन टाकून राह्यली तू?"

सुलतानानं मान वर केली. "मी?"

"मिठाचं पानी आहे त्यावर. पट्टीसारखं ठेवलं आहे शेवाळ."

"मी त अंगणात जातच नाई जी." तिचा आवाज बारीक झाला. "मले वाटे का तुमीच बसता तिथी. दारातून भगुण्यात पानी दिसे, मी म्हणो का पाखरांसाठी ठेवलं असन तुमी. म्हून मी काही बोलली नाई. म्हटलं, करू द्या."

 इतके दिवस दोघांनी एकमेकांचं दुःख जपलं होतं, हाक मारून मोडायला नको म्हणून. आणि ज्याला जपलं ते त्या दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

सुलताना उठली. फळीवरून मिठाची बरणी काढून त्याच्यापुढं ठेवली, झाकण उघडलं. आत मिठाचे गोळे झाले होते.

"पावसाळ्यात होते असं," ती म्हणाली. "मे महिन्यात कसं होईन? ओला हात घातला का होते. माझा हात कोरडा रायते. तुमी बरणीले हात लावत नाई." ती थांबली. "कोनाले रागे भरत होती मी ओल्या हातासाठी? सांगा."

इनायतनं बरणीचं झाकण लावलं. कूलर घरघरत होता आणि त्या आवाजाच्या आड घर आहे का रिकामं, हे कळायला मार्ग नव्हता.

६

दुसऱ्या दुपारी तो जेवला नाही. अंगणाची कडी त्यानं स्वतः लावली, भिंतीवर चढून पलीकडं कुणाची पोरं नाहीत हे पाहिलं. शेवाळ धुऊन मुळ्यांभोवती नीट पसरलं. मुळ्या बघताना त्याचा जीव कळवळला. बहुतेक तपकिरी, पोचट. चांगल्या म्हणाव्या अशा थोड्याच. दांडी मात्र वर सरकली होती, बिचारी.

"पेटी घरात आनतो," तो म्हणाला. "कोठीत ठेवतो आन् कुलूप लावतो."

"नको." सुलताना त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. "राहू द्या तिथीच."

"मरून राह्यलं झाड, सुलताना."

"आन् कोठीत ठेवलं त थे कुठी येईन? कायसाठी येईन?" तिनं त्याचा हात धरला. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत इतक्या महिन्यांनी प्रथमच काहीतरी जिवंत दिसत होतं. "येऊ द्या नं जी. जेवढे दिवस येते तेवढे."

इनायतला भीती वाटली, पण पोरीची नाही. बायकोच्या त्या चेहऱ्याची वाटली. आणि खोटं का बोला, त्यालाही तेच हवं होतं. फूल आलं तर ते पोरीचं शेवटचं काहीतरी हातात राहील. झाड मेलं तर तेही जाईल. पण झाड जगवायचं तर तिला बाहेर ठेवायचं, हे कोणत्या बापाला जमेल? तो खाटेवर जाऊन बसला.

दुपार चढली. वीज बनते बल्लारपूरपासून हाकेच्या अंतरावर, आणि भारनियमन आलं की जाते ती आधी बल्लारपूरची. त्या दिवशीही गेली. कूलरचा पंखा मंदावला, दोनदा कुरकुरला आणि थांबला. वरच्या पत्र्याची तडतड ऐकू यायला लागली. मग तीही थांबली.

आणि मागून पाणी पिळल्याचा आवाज आला.

आधी धार, भगुण्यात पडणारी. मग थेंब. मग मुठीचा शेवटचा पीळ आणि त्याचे दोन-तीन थेंब. मग शांतता, तेवढीच, जेवढी पट्टी घालून कडा दाबायला लागते. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा धार.

तापाच्या त्या आठवड्यात भिंतीला टेकून बसून इनायतनं हाच आवाज ऐकला होता. त्यात कुठं घाई नव्हती, कुठं चूक नव्हती. फक्त धार बारीक होती, लहान मुठीतून येते तशी.

७

मागच्या दाराला खसची ताटी होती. तिच्या एका सांध्यात फट पडली होती. इनायत फटीला डोळा लावून उभा राहिला. सुलताना त्याच्या मागं, त्याच्या सदऱ्याला धरून.

अंगण पांढरं पेटलेलं होतं. छपरीखालच्या सावलीत स्टूल, स्टुलावर पेटी. खाली फरशीवर भगुणं. माणूस कुणी नव्हतं.

पण स्टुलापुढच्या फरशीवर ओले ठसे होते. टाचा नव्हत्या, फक्त चवडे आणि बोटं, उकिडवं बसल्यावर उमटतात तसे. त्या उन्हात पाण्याचा ठसा श्वास घेईपर्यंत वाळतो. हे वाळत नव्हते. कडेनं वाळायचे आणि पुन्हा ओले व्हायचे.

शेवाळ खोडावर आडवं पडलेलं होतं. इनायत पाहत असताना ते मध्यभागी दबलं. हलकेच, चार बोटांची पाठ टेकावी तेवढंच. जरा वेळ तसंच दबून राहिलं. मग हळूच फुगून वर आलं.

ताप पाहिला होता कुणीतरी. उतरला नव्हता.

 या एवढ्याशा जिवाला बसवून ठेवलं कुणी इथं? रोज भर दुपारी, रोज त्याच जागी, पट्ट्यांमागून पट्ट्या. आईकडं पाहून शिकली, तेच करते आहे. आणि ताप उतरला असं कुणी सांगितल्याशिवाय उठायचं नसतं, हेही आईकडंच पाहून शिकली आहे.

सदऱ्यावरची पकड सुटली. सुलताना ताटी सारून बाहेर गेली.

अनवाणी, तापलेल्या फरशीवरून ती स्टुलापर्यंत चालत गेली. ठशांच्या अलीकडं थांबली, थोडी बाजूला सरकून बसली, जसं आधीच कुणी बसलेलं असताना आपण बसतो. तिनं हात पुढं केला आणि उलट्या हातानं शेवाळाला स्पर्श केला. इनायतला तिचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की शेवाळ गरम आहे. चटका बसावा इतकं गरम आहे.

"उतरला," सुलताना म्हणाली.

कुठं काही हललं नाही.

"उतरला बेटा ताप. मी पाह्यला नं आता. निवलं अंग." तिचा आवाज चिरत होता तरी ती तो सावरून धरत होती. "भल्ली सेवा केली माझ्या मायनं. थकली असशीन. आता झोप. अम्मी आहे इथी."

तिनं खोडावरचं शेवाळ उचलून घेतलं. भगुण्यातलं पाणी फरशीवर सांडलं, ते उन्हात पसरलं आणि आटायला लागलं. मग तिनं भगुणं पालथं घातलं. टण्ण आवाज झाला.

ठसे कडेकडेनं वाळत आले. चवडे गेले. बोटं गेली. शेवटी अंगठ्याएवढी ओल एका जागी बराच वेळ राहिली. सुलताना तिच्याकडं बघत होती, पापणी न हलवता. मग वीज आली, कूलर घरघरला, दोघांची नजर क्षणभर दाराकडं वळली, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा फरशी कोरडी होती.

सुलतानाच्या हातातलं शेवाळ थंड पडलं होतं. ते उराशी धरून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. पोरगी गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. इनायत जाऊन तिच्याशेजारी बसला. त्याचे पाय पोळत होते, पण उठावंसं वाटेना.

८

त्यानं धारदार पटाशीनं कुजलेल्या मुळ्या छाटल्या. झाड माठाच्या पाण्यात बुडवून बुडवून मीठ काढलं. मंगरूनं आणलेलं नवं शेवाळ पिळून, चिमटीचिमटीनं, हवा खेळेल असं पसरलं. पेटी पुन्हा तारेला टांगली.

शेवाळ आता वेळच्या वेळी वाळायचं. भगुणं पालथंच होतं.

मृगाला वेळ होता, तरी फूल उमललं. वेणी आखूडच आली, निम्म्या कळ्या जळून गेल्या होत्या. उरल्या त्या पांढऱ्या, त्यांवर जांभळे ठिपके. मंगरू येऊन पाहून गेला. या वेळी तो पाणी प्यायला. सुलतानानं खाट अंगणात ओढली आणि दोघं नवरा-बायको पहाटेपासून ऊन येईपर्यंत फुलासमोर बसले. वास गोडसर होता. ज्या फुलाची वर्षभर वाट पाहिली ते आलं, आणि ते बघताना इनायतला इतकंच वाटत होतं की हे पोरीला दाखवायचं होतं. आता ते दाखवायची काही सोय उरली नाही. सोय होती, ती त्यांनीच आपल्या हातानं झोपवली.

 सुलताना पुन्हा गप्प झाली होती.

फुलं गळाली त्या आठवड्यातली गोष्ट. पाऊस अजून यायचा होता, हवा भट्टीसारखी कोरडी. दुपारी इनायतला जाग आली. घसा वाळला होता. कूलर चालू होता. सुलताना भिंतीकडं तोंड करून झोपली होती. त्यानं स्टीलच्या गंजातलं ताक पेल्यात ओतलं आणि मिठासाठी फळीवरची बरणी काढली.

बोटांना गोळा लागला.

तो तसाच उभा राहिला.  बोटांनी त्यानं गोळा दाबला. ताजा होता, अजून ओला. बरणी हातात घेऊनच तो ताटी सारून अंगणात धावला.

पेटी तारेला लटकत होती. शेवाळ मुळ्यांभोवती, वरून कोरडं. फरशीवर काही नव्हतं. भगुणं पालथं, आणि त्याच्या पाठीवर धूळ बसायला लागली होती.

तो परत आला. खाटेपाशी आला तेव्हा त्याला सुलतानाचा हात दिसला. तो खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता. मनगटापर्यंत ओला होता आणि नखांत मिठाचे पांढरे कण वाळत होते. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती. ओला हात बरणीत तिनंच घातला होता, पोरगी अजून येते असं वाटावं म्हणून.

इनायतनं बरणीला झाकण लावून ती जागेवर ठेवली. ताक अळणीच प्यायला आणि तिच्या शेजारी जाऊन आडवा झाला.